इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडली तर चालतं का?

नाही चालत. 'श्वास थांबतो तिथे कॉमा द्या' असं ज्यांनी शिकवलं, त्यांचं ऐकू नका.

आमचा रावेरला केळीचा व्यापार. इंग्रजी पत्रं मी लिहायचो, सही मोठ्या भावाची. एकदा सोमवारी ठरलेला ट्रक आलाच नाही. आकाश कोरडं ठणठणीत, कापलेले घड बांधावर तापत पडले. पाऊस आला मंगळवारी, म्हणून पुढची कापणी थांबवली. ट्रकवाल्याला मी लिहिलं: 'द ट्रक डिड नॉट कम; बिकॉज ऑफ द रेन, वी हॅव स्टॉप्ड कटिंग.'

दादाने वाचलं आणि म्हणाला, "हे ठिपक्याचं काय नाटक? साधा कॉमा दे." दिला. पत्र गेलं: 'द ट्रक डिड नॉट कम, बिकॉज ऑफ द रेन, वी हॅव स्टॉप्ड कटिंग.'

आता वाचा. पावसामुळे ट्रक आला नाही की पावसामुळे कापणी थांबली? ट्रकवाल्याने नुकसानभरपाई नाकारली; म्हणे, पावसाचं कारण तुम्हीच लिहून दिलंय. कॉमावरचा एक ठिपका गेला आणि गाडीभर केळी आमच्या अंगावर पडली. दादा आजही म्हणतो, ट्रकवाला लबाड होता. असेल, पण त्याच्या हातात कागद आपण दिला.

आपली गफलत होते ती मराठीमुळे. 'पाऊस आला, कापणी थांबली' हे मराठीत अगदी चोख वाक्य. आमच्या अहिराणीतही तसंच बोलतात. इंग्रजीत मात्र तिथे फुलस्टॉप द्या, सेमीकोलन (तोच ठिपकावाला कॉमा) द्या, नाहीतर कॉमापुढे अँड, बट, सो यांतला शब्द घाला. 'हाऊएव्हर' त्यांतला नव्हे, तिथेच बहुतेक जण फसतात. त्याच्या आधी सेमीकोलन, नंतर कॉमा: 'द फ्रूट इज रेडी; हाऊएव्हर, द ट्रक इज लेट.' सेमीकोलन ही आजकालची फॅशनही नव्हे; पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशियसच्या छापखान्यात तो आला, तो वाक्याचे तुकडे नीट वेगळे दिसावेत म्हणूनच.

हां, 'आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड' अशी तोकडी, एका ठेक्याची वाक्यं कॉमाने जोडलेली खपतात. कथा-कादंबरीतही लेखक मुद्दाम तसं करतात. पण पैशाच्या पत्रात नको. आणि सही करणारा थोरला असला, तरी तुमचा सेमीकोलन त्याला खोडू देऊ नका. मी खोडू दिला.