पृथ्वी का तापतेय: ओझोनच्या भोकामुळे की हरितगृह परिणामामुळे?

नमस्कार. तुम्ही फोंड्याहून लिहिलंय, मुलगी नववीत आहे. ओझोनला भोक पडलं, त्यातून ऊन जास्त येतं आणि म्हणून पृथ्वी तापते, असं तिला वाटतं. पुस्तकात मात्र हरितगृह परिणाम असं कारण दिलंय. यातलं खरं कुठलं, एवढा कार्बन डायऑक्साइड आला कुठून आणि सूर्यच जास्त तापत असेल तर काय, असे तुमचे तीन प्रश्न. माझं गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात स्वतःचं हरितगृह आहे. ५०० चौरस मीटरचं पॉलिहाऊस, त्यात काकडी आणि थोडे ऑर्किड. त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे. शाळेत तो शिकताना एक गोष्ट हमखास उलटी डोक्यात बसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ओझोनचं आधी उरकू. अंटार्क्टिकावरचा ओझोनचा थर विरळ झालाय हे १९८५ मध्ये जगासमोर आलं. फ्रिज, एसी आणि स्प्रेमधले सीएफसी वायू त्याला कारण होते. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते टप्प्याटप्प्याने बंद झाले आणि थर आता सावकाश भरून येतोय. त्या विरळ जागेतून जास्त येतात ते अतिनील किरण. ते त्वचेला आणि डोळ्यांना घातक आहेत, पण आजच्या तापमानवाढीचं कारण ते नाहीत. सीएफसी हे स्वतः हरितगृह वायूसुद्धा आहेत, म्हणून दोन्ही गोष्टींची गल्लत होते. मुलीला सांगा, हे दोन वेगळे आजार आहेत.

आता मुख्य मुद्दा. पृथ्वी तापतेय म्हटलं की आपण वर सूर्याकडे बघतो, ऊन वाढलं असेल असं धरून चालतो. येणारं ऊन होतं तेवढंच आहे. अडतेय ती परत जाणारी उष्णता. हे समजून घ्यायचं तर दुपारपेक्षा रात्र बघावी.

जानेवारीत आमच्याकडे पहाटे पाचला मी पॉलिहाऊसमध्ये जातो. आकाश निरभ्र असेल तर छताच्या प्लास्टिकच्या आतल्या अंगाला दवाचे थेंब लोंबत असतात. काठीने त्या प्लास्टिकला हलका धक्का दिला की खाली काकडीच्या पानांवर सर पडावी तसं पाणी पडतं. पानं ओली राहिली की केवडा हा बुरशीसारखा रोग येतो, म्हणून तर एवढ्या पहाटे उठावं लागतं. माझा एक थर्मामीटर आत वेलींच्या उंचीवर असतो, दुसरा बाहेर खांबाला. अशा रात्री कधी कधी आतला पारा बाहेरच्यापेक्षा एखाद्या अंशाने खाली असतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला थर्मामीटर बिघडलाय असं वाटलं होतं. हरितगृह, आणि आत जास्त थंडी? मग त्याच महिन्यात एखादी ढगाळ रात्र येते. दव नाही, थेंब नाहीत, आणि पारा आदल्या पहाटेपेक्षा चार-पाच अंशांनी वर. त्या रात्री सूर्य काही जास्त तापलेला नसतो.

झालेलं असतं ते असं. जमीन, पानं, आपलं अंग, जे जे ऊबदार आहे ते सतत उष्णता बाहेर टाकत असतं, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात. निरभ्र कोरड्या रात्री ते किरण बरेचसे सरळ आकाशात निघून जातात. माझ्या छताचं प्लास्टिक त्यांना फारसं अडवत नाही, उलट बाहेरच्या हवेची झुळूक तेवढी अडवतं, म्हणून आत गारठा जास्त. ढग असले की ढगातलं पाणी ते किरण शोषून घेतं आणि त्यातले बरेचसे परत खाली पाठवतं. हवेतली वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हेच काम ढगाशिवाय, रात्रंदिवस, सगळ्या पृथ्वीवर करत असतात. यालाच हरितगृह परिणाम म्हणतात.

आणि तो मुळात वाईट नाही. तो नसता तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. प्रत्यक्षात ते १५ अंशांच्या जवळपास आहे. म्हणजे जवळजवळ ३३ अंशांची ऊब आपल्याला या वायूंनी दिलीय. चंद्र सूर्यापासून साधारण आपल्याइतकाच लांब आहे, पण त्याच्यावर हवेचं पांघरूण नाही. तिथे दिवसा १२० अंशांच्या पुढे भाजतं आणि रात्री उणे १३० च्याही खाली जातं.

पांघरूण हा शब्द मुद्दाम वापरला, कारण हरितगृह हे नाव या गोष्टीला चुकीचं पडलंय. एप्रिलमध्ये दुपारी माझ्या पॉलिहाऊसमध्ये उभं राहवत नाही, पण बाजूचे पडदे गुंडाळून वर घेतले की दहा मिनिटांत फरक पडतो. तिथली उष्णता कोंडलेल्या हवेची असते, वाट दिली की ती हवा उठून निघून जाते. पृथ्वीला असा पडदा नाही. तिच्याभोवती पोकळी आहे, तिथून गरम हवा कुठे जाणार? उष्णता बाहेर जाण्याचा एकच रस्ता, तो म्हणजे ते अवरक्त किरण. म्हणून हरितगृहापेक्षा आजीची गोधडी डोळ्यांपुढे आणावी. गोधडी स्वतः ऊब तयार करत नाही, आपल्याच अंगाची धरून ठेवते. आपण दीड-दोनशे वर्षं त्या गोधडीवर थर शिवत चाललोय.

आता एक शंका मला नेहमी ऐकू येते, तुमची मुलगीही विचारेल. हवेत कार्बन डायऑक्साइड फक्त ०.०४ टक्के, त्याने काय होणार? शंका रास्त आहे. पण हवेतला ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन या कामात जवळजवळ मोजायचेच नाहीत. दोन सारख्या अणूंची जोडी ती, अवरक्त किरण तिच्यातून आरपार जातात. कार्बन डायऑक्साइडचा रेणू तीन अणूंचा. तो वाकतो, ताणला जातो, आणि त्या हालचालीत नेमके तेच किरण पकडतो. एवढ्या मोठ्या हवेत पकडणारे हातच थोडे आहेत, म्हणून त्यांची संख्या वाढली की लगेच जाणवतं. शिवाय उष्णता एका झेपेत अवकाशात जात नाही. एक थर शोषतो, सोडतो, वरचा शोषतो, असं हातोहात वर जाते, आणि वायू विरळ होतात त्या उंचीवरून सुटते. वायू वाढले की ही सुटण्याची जागा आणखी वर सरकते. वर थंडी जास्त, आणि थंड थर कमी उष्णता बाहेर टाकतो. आत येणारं तेवढंच, बाहेर जाणारं कमी. मग खालचं तापमान चढत राहतं, हिशेब पुन्हा जुळेपर्यंत.

हे आजकालचं शास्त्र नाही. १८५६ मध्ये युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापल्याचं नोंदवलं. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी हे वायू उष्णतेचे किरण कसे शोषतात ते प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी कागदावर गणित मांडलं की हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी काही अंशांनी तापेल. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य होतं, आणि रस्त्यावर मोटार दिसायला अजून वेळ होता.

मग तो वाढला किती? कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर रोज मोजायला घेतलं तेव्हा ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या पुढे गेलाय. जुने आकडे अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांतून मिळतात. त्या बर्फात गेल्या ८ लाख वर्षांचा हिशेब आहे, आणि त्यात आपल्या काळापर्यंत हा आकडा ३०० च्या फारसा वर गेलेलाच नाही. अंटार्क्टिकाचं नाव निघालं म्हणून सांगतो: भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावरूनच निघाली होती, आणि ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आजही वास्कोत आहे. मुलीच्या शाळेने कधी तिथे भेट ठरवली तर तिला नक्की पाठवा.

वाढला कशामुळे, याचं मुख्य उत्तर कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू. स्कूटरच्या टाकीपासून सुरुवात करू. एक लिटर पेट्रोलचं वजन भरतं पाऊण किलोच्या आसपास. ते जळलं की सव्वादोन किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसे? पेट्रोलमधल्या कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात. १२ भाग कार्बन, ३२ भाग ऑक्सिजन, मिळून ४४. धूर दिसत नाही म्हणजे काही बाहेर पडत नाही असं आपण समजतो, आणि हा वायू तर रंगाचाही नाही, वासाचाही नाही. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो, रेल्वेने घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. गोव्यात त्यावरून आंदोलनं झाली ती मुख्यतः धुळीसाठी आणि जंगलासाठी, आणि ती रास्तच होती. पण पृथ्वी तापवते ती ती काळी धूळ नव्हे. तो कोळसा भट्टीत जळल्यावर जे दिसत नाही ते तापवतं, आणि त्याला राज्याची हद्द नसते.

सिमेंटचंही तसंच. चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीचं इंधन वेगळंच.

जंगलतोड हे दुसरं मोठं कारण. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले तेव्हा रात्री डोंगरावर लाल रेघा दिसायच्या. झाडात साठलेला कार्बन अशा वेळी एकदम हवेत जातो. तरी झाडाचा कार्बन आणि कोळशाचा कार्बन यांत फरक आहे. झाडाने तो काही वर्षांपूर्वी हवेतूनच घेतलेला असतो, जंगल पुन्हा वाढू दिलं तर ते तो परत घेतं. कोळशाचा कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता, या चक्रात तो नव्हताच. आपण तो नव्याने आत ओततोय. आणि हवेत वाढलेला वायू कुठला हे ओळखताही येतं. सजीवांत असतो तो किरणोत्सारी कार्बन-१४, त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा उरतो; एवढ्या जुन्या कोळशात तो संपून गेलेला असतो. हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ चं प्रमाण त्यामुळेच पातळ होत गेलेलं दिसतं. चोराचा ठसाच म्हणा ना. ज्वालामुखींवर आळ घेणारे भेटतात. पण जगातले सगळे ज्वालामुखी मिळून माणसाच्या एक टक्काही वायू वर्षाला सोडत नाहीत.

मिथेन गुरांच्या रवंथातून, कचऱ्याच्या ढिगातून, तेलाच्या विहिरींतून आणि पाणी साचलेल्या भातशेतीतून येतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने वजनाला वजन धरलं तर तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक तापवतो. इथे आमच्या खाजन शेतीबद्दल, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीला बांध घालून केलेल्या शेतीबद्दल, एक सांगावंसं वाटतं. साचलेल्या पाण्याखाली ऑक्सिजन नसतो, तिथले जिवाणू मिथेन तयार करतात. पण खाऱ्या पाण्यात सल्फेट असतं, त्यावर जगणारे दुसरे जिवाणू आधीच त्यांचं अन्न खाऊन टाकतात, त्यामुळे खारट मातीत मिथेन कमी सुटतो. बांध आणि मानस (पाणी आतबाहेर सोडायचं दार) सांभाळून खाजनात कोरगुट हा खारं पाणी सोसणारा भात पिकवणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण ती शेती मोडते तेव्हा काय काय मोडतं याची मला काळजी वाटते. नायट्रस ऑक्साइड येतो जास्तीच्या युरियातून. तो तर २७० पटींच्या घरात, म्हणून मी ठिबकमधून खत मोजूनच देतो.

सूर्याचं काय? १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह सूर्याचं तेज मोजताहेत, त्यात वाढ नाही. आणि सूर्य जास्त तापला असता तर हवेचे खालचे-वरचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात खालचे तापताहेत आणि वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होतोय. पांघरुणाखाली ऊब आणि पांघरुणाबाहेर गारठा, असंच ते झालंय.

राहिली वाफ. ती सगळ्यात जास्त उष्णता अडवते, पण स्वतः सुरुवात करत नाही. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते, आणि ती वाफ आणखी तापवते. आपल्याकडे कोसळणाऱ्या सरी जास्त जोराने कोसळतात त्यामागे हेही आहे. अडकलेल्या उष्णतेतली ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतलीय, अरबी समुद्रानेही. २०२४ हे वर्ष कारखानदारीपूर्व काळापेक्षा दीड अंशाहून अधिक गरम गेलं. मिथेन बारा-एक वर्षांत हवेतून नाहीसा होतो. कार्बन डायऑक्साइडचा काही भाग शेकडो, हजारो वर्षं राहतो. आजच्या लिटरभर पेट्रोलचा हिशेब तुमच्या मुलीच्या नातवंडांकडेही असेल.

प्रकल्पासाठी तिने काय करावं असंही तुम्ही विचारलंय. बाजारातून दोन साधे थर्मामीटर आणा आणि दिवसा शेजारी शेजारी ठेवून दोन्ही सारखंच दाखवतात ना ते पाहा. डिसेंबर-जानेवारीत एक अंगणात उघड्या आकाशाखाली, दुसरा मांडवाखाली किंवा दाट आंब्याखाली, दोन्ही जमिनीपासून हातभर उंचीवर, लाकडी काठीला बांधून ठेवा; भिंतीला टेकवू नका, भिंत दिवसाची ऊब सोडत असते. पहाटे सहाला दोन्ही वाचायचे आणि वहीत लिहायचे, शेजारी आकाश निरभ्र होतं की ढगाळ तेही. निरभ्र पहाटे अंगणातला खाली असेल, ढगाळ पहाटे फरक जवळजवळ दिसणार नाही. पंधरा दिवस करू द्या, ढगाळ रात्र यायला तेवढे लागतातच. तिचे आकडे आले की इथे खाली लिहा, मी माझ्या वहीतले शेजारी मांडतो.