इंदूरमध्ये झाडं छाटण्या-कापण्याच्या कामाचा भाव कसा काढावा, आणि वर चढणाऱ्या कुशल माणसाला किती द्यावं?

तुम्ही विचारलंय की सुदामा नगर, लोकमान्य नगर, टिळक नगर या भागात घरगुती कामं भरपूर मिळतात, पण 'उंचीचे फूट गुणिले अमुक रुपये' असा भाव दिला की दर तिसऱ्या कामात हात पोळतात. वर चढणारा चांगला माणूसही दोन-तीन महिन्यांत दुसऱ्याकडे जातो. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे. भाव चुकीच्या मापाने लावलात की चांगल्या माणसाला द्यायला पैसेच उरत नाहीत.

फूट हे माप विसरा. मोकळ्या प्लॉटवरची साठ फुटी निलगिरी खाच घालून दोन तासांत आडवी होते. पत्र्याची शेड आणि शेजाऱ्याची पाण्याची टाकी यांच्यामध्ये उभा असलेला पंचवीस फुटी गुलमोहर अख्खा दिवस खातो, कारण त्याची एकेक फांदी दोराने उतरवावी लागते. माप घ्यायचं ते टोळीच्या तासाचं.

तो तास केवढ्याला पडतो ते काढा. समजुतीसाठी आकडे घेतो, तुमचे तुम्ही घाला. वर चढणारा 1,800, खाली दोर सांभाळणारा 1,000, दोन मदतनीस 600 प्रमाणे 1,200: रोजचे 4,000 झाले. आता बहुतेक जण जिथे फसतात ती जागा. महिन्यात 26 दिवस पगार द्यायचा, पण पाऊस, परवानगी, वीज बंद होण्याची वाट, 'आज पाहुणे आलेत, उद्या या' या सगळ्यात बिल होणारे दिवस धरा 18. म्हणजे 1,04,000 भागिले 18, एका कामाच्या दिवसावर मजुरी 5,780 च्या आसपास. चेनसॉचं (इंजिनवाल्या करवतीचं) पेट्रोल, त्यात मिसळायचं टूटी तेल, चेनचं तेल, चेन-बार आणि दोरांची झीज यांचे 600. विमा, फोन, काम बघायला जाण्याच्या फेऱ्या, दुरुस्ती यांचे 700. झाले 7,080. आठ तासांच्या दिवसात खरं काम सात तास. एक तास साधारण 1,000 ला पडला, त्यावर तुमचा नफा धरून 1,250 लावा. गाडी यात धरू नका, ती फेरीप्रमाणे वेगळी.

आता ज्या वाचवलेल्या पैशाचं सगळ्यांना अप्रूप वाटतं तो हिशोब करू. पस्तीस फुटी कडुनिंब, खोड 45 सेंटीमीटर, एका बाजूला शेड. हातखंडा माणूस वर असेल तर दोर-कप्पी बांधायला पाऊण तास, शेंडा-फांद्या उतरवायला अडीच, खोडाचे तुकडे सव्वा, झाडलोट आणि भरणं दीड: सहा तास. तुमचा खर्च 6,000 च्या थोडा वर. त्याच्या जागी 1,000 रुपये रोजाचा कच्चा माणूस चढवला तर टोळीचा तास 850 पर्यंत उतरतो, पण काम दहा तासांचं होऊन दुसऱ्या दिवसावर जातं: 8,500. रोजाचे 800 वाचवायला गेलात आणि 2,400 घालवून बसलात. शेडचा पत्रा फुटला तर तो यात धरलेला नाही.

आणि चांगला माणूस सहाऐवजी साडेचार तासांत मोकळा झाला म्हणून गिऱ्हाईकाला भाव कमी करून देऊ नका. ती दीड तासाची कमाई त्याच्या हाताची आहे. त्यातला काही भाग त्याच संध्याकाळी त्याच्या खिशात गेला तर तो का सोडून जाईल?

कौशल्य म्हणजे भराभर चढणं नव्हे, ती गैरसमजूत काढून टाका. कौशल्य वजनाच्या अंदाजात असतं. ओलं लाकूड ढोबळमानाने घनमीटरला एक टन धरा. 30 सेंटीमीटर जाडीचा मीटरभर तुकडा सत्तर किलो. जाडी दुप्पट, 60 सेंटीमीटर झाली की तेवढ्याच लांबीचा तुकडा 280 किलो, म्हणजे चौपट. कप्पीवरून दोर खाली आला की एका बाजूला तुकडा ओढतो, दुसऱ्या बाजूला खालचा माणूस, त्यामुळे कप्पी बांधलेल्या फांदीवर भार जवळजवळ दुप्पट येतो. त्यात तुकडा फूटभर निसटून झटक्याने थांबला तर भार आणखी कित्येक पटींनी वाढतो. ज्याला हे कळतं तो तुकडे छोटे करतो, कप्पी जाड दुबेळक्यात बांधतो, खालच्याला 'सोडत सोडत थांबव' म्हणून सांगतो. ज्याला कळत नाही तो मोठा तुकडा कापून वेळ वाचवल्याच्या आनंदात असतो.

म्हणून खाली दोर धरणाऱ्याला 'हेल्पर' म्हणून 600 वर ठेवू नका. बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन शंभर किलोचा तुकडा एकट्याने अलगद उतरवणारा माणूस वरच्याचा जीव धरून असतो. वरचा आणि खालचा ही जोडी आहे. एकमेकांच्या हाकेची सवय झालेली जोडी फोडून दोन कामांवर पाठवली की दोन्ही कामं रेंगाळतात.

काप कसा घेतो यावरूनही माणूस कळतो. जाड फांदी तीन कापांत उतरते: खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून पाव-तृतीयांश काप, मग त्याच्या थोडं बाहेर वरून पूर्ण, आणि उरलेलं खुंट शेवटी. एकाच कापात वरून कापलं तर फांदी आपल्या वजनाने सोलत जाते आणि खोडाची साल हातभर फाटते. शेवटचा काप फांदीच्या मुळाशी जी फुगीर कड असते तिच्या बाहेरून. कड उडवली तर जखम भरत नाही, लांब खुंट ठेवलं तर ते सडत आत जातं. वर डांबर-गेरू फासायची गरज नाही, गिऱ्हाईक मागतं खरं. उभं झाड पाडताना खाच खोडाच्या पाव ते तृतीयांश, मागून काप, आणि मध्ये न कापलेली बिजागरी जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी: 40 सेंटीमीटर खोडाला 4 सेंटीमीटर. बिजागरी आरपार कापली की झाड कुठे जाईल ते झाडच ठरवतं. झुकलेली निलगिरी-सुबाभूळ साध्या मागच्या कापाने पाडायला गेलात तर खोड उभं चिरून मागे उसळतं. असं झाड कच्च्या माणसाच्या हाती देऊच नये.

झाडाप्रमाणे तास वाढवा. शेवगा आणि गुलमोहर ठिसूळ, फांदीवर भार देता येत नाही. आंब्यावर लाल मुंग्या आणि चीक. उंच अशोक सोपा. पिंपळ-निलगिरीवर आग्यामोहोळ असेल तर तारीखच पुढे ढकला. पिंपळ तोडायला काही जण नकार देतात. जबरदस्ती करू नका, छाटणीला तयार असतात. शहरातल्या जुन्या झाडांत खिळे, कपडे वाळत घालायच्या तारा, लाकडाने गिळलेली लोखंडी जाळी हमखास असते. एक खिळा लागला की चेनची धार गेली. कोटेशनमध्ये 'लाकडात लोखंड निघाल्यास चेनचा खर्च वेगळा' ही ओळ लिहाच.

तोटा होण्याची सगळ्यात मोठी जागा मात्र कटाई नाहीच, उचल आहे. फांद्या फुगीर असतात, खोड जड असतं, आणि छोट्या हत्तीची (टाटा एस टेम्पोची) क्षमता पाऊण टन. 60 सेंटीमीटरचं तीन मीटर खोडच साडेआठशे किलो भरतं. फांद्या गाडीच्या मापाच्या, सहा-सात फुटांच्या कापून, बुंधे एका दिशेला लावून रचल्या तर तीन फेऱ्यांच्या दोन होतात. गिऱ्हाईक 'लाकूड तुम्हीच घेऊन जा' म्हणालं की हुरळून भाव पाडू नका: कडुनिंबाचा सरळ ओंडका आरामशीनवर जातो, पण गुलमोहराला जळणाचाच भाव. सागवान निघालं तर वनविभागाच्या टीपीशिवाय (वाहतूक परवान्याशिवाय) गाडीत घालू नका.

परवानगीचं काम गिऱ्हाईकाकडेच ठेवा. शहरी हद्दीत झाड तोडायला मध्य प्रदेशच्या 2001 च्या वृक्ष परिरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते; ती हातात आल्याशिवाय तारीख देऊ नका. जवळून 11 केव्हीची उघडी तार जात असेल तर वीज कंपनीकडून लेखी शटडाउन घेतल्याशिवाय कोणी वर जायचं नाही, आणि वाट बघण्याचे तास बिलात. 'वरून अर्धं उडवा' अशी मागणी आली तर नाही म्हणा: शेंडा उडवलेल्या झाडाला कमकुवत धुमारे फुटतात आणि तीन वर्षांनी तेच वादळात घरावर येतात. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पालवी काढू नये.

माळव्याची काळी माती लक्षात ठेवा. जुलैत ती फुगून मऊ होते, मोकळ्या प्लॉटवर हायड्रा क्रेन रुतते, मुळं सैल झालेलं झाड चढण्यालायक राहत नाही. मे अखेरच्या नौतप्यापासून (कडक उन्हाच्या नऊ दिवसांपासून) पहिल्या पावसापर्यंत मागणी इतकी असते की भाव वीस टक्के चढा ठेवला तरी कामं संपत नाहीत. तो वरचा पैसा बाजूला ठेवा आणि पावसाच्या बंद दिवसांत वरच्या-खालच्या जोडीला अर्धा रोज द्या. जोडी टिकवायचा यापेक्षा स्वस्त उपाय मला दिसत नाही. बाहेरचा ठेकेदार रोजाला दोनशे जास्त देतो, पण पावसात शून्य देतो, हे त्यांनाही कळतं.

झाडामागे ठेका मात्र देऊ नका. ठेक्यात घाई असते आणि घाईत माणूस दोर बांधायचं टाळतो. रोज पक्का ठेवा, अवघड कामाला भत्ता वेगळा, हार्नेस-हेल्मेट तुमच्याकडून, आणि कोटेशन देण्याआधी वरच्याला घेऊन जा. त्या अर्ध्या दिवसाचे पैसेही द्या. विमा घेताना डब्ल्यू.सी. (कामगार नुकसानभरपाई) पॉलिसीत कामाचं वर्णन 'बागकाम' असं लिहू नका, 'उंचीवर झाड कापणी' असं लिहा, नाहीतर नेमका गरजेच्या वेळी दावा अडतो.

नवीन माणूस घेताना चढून दाखव म्हणू नका, ते पोरंही करतात. त्याला एक जुना दोर द्या आणि बघा. कामाचा माणूस आधी तो हातातून सरकवत टोकापासून टोकापर्यंत तपासेल, कुठे घासलाय, कुठे कडक झालाय ते बघेल, आणि मग झाडाभोवती एक फेरी मारून बुंध्यावर कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने ठोकून आवाज ऐकेल. पोकळ आवाज आला आणि तो चढायला नाही म्हणाला, तर त्याला दुसऱ्या दिवसापासून कामावर घ्या.