छंदाच्या टेबलावरून : कॅफे रेसर, क्रोम आणि पावसाळ्यातलं लॅकर

प्रश्न : काका, मामाने मला टामिया या जपानी मॉडेल कंपनीचं, होंडा सीबी ७५० एफ मोटरसायकलचं १/१२ मापाचं (खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्श्याचं) प्लास्टिक मॉडेलचं किट दिलंय. ती जशीच्या तशी न बनवता मला तिची कॅफे रेसर करायची आहे. खाली आणलेलं हँडल, एकट्याची सीट असं सगळं. सुरुवात कुठून करू? आणि टाकीवर क्लिअर लॅकर मारलं तर ती पांढरट पडली. वाया गेली का?
– कॉलेज विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : टाकी वाया गेलेली नाही, हे आधी सांगतो. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, तसा पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्याच्यावर बसते. चिपळूणच्या पावसात हे व्हायचंच. चांगली उघडीप मिळाली की रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घातलेल्या थिनरचा अगदी हलका हात मार. वरचा थर थोडा ओला होऊन अडकलेला ओलावा निघून जातो आणि पांढरेपणा बहुतेक वेळा उतरतो. डिकल (पाण्यात भिजवून लावायची चित्रं) लावले असतील तर फवारा आणखी हलका ठेव, नाहीतर तेही विरघळतील. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर मात्र मॉडेलवर वापरू नकोस, उघड्या प्लास्टिकला तो खातो. रंगाची फवारा गन धुवायला ठीक आहे. आणि फवारताना सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क लाव. कापडी मास्कातून थिनरची वाफ सरळ आत जाते.

आता कॅफे रेसर. माझं आयुष्य गॅरेजमध्ये गेलं. गिऱ्हाईक हँडल बदलायला आलं की मी आधी केबली बघायचो. मॉडेल करतानाही मी तेच बघतो, आणि तूही तेच बघावंस असं मला मनापासून वाटतं. १९५० आणि ६०च्या दशकांत लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफेला जमणारी पोरं ताशी १०० मैल गाठायला गाडीवरचं जास्तीचं लोखंड उतरवत. त्यांच्या प्रत्येक बदलाला कारण होतं. हँडल खाली आलं की अंग वाकतं, वारा कमी अडतो. अंग वाकलं की पाय मागे घ्यावे लागतात. पाय मागे गेले की बूडही मागे सरकतं, म्हणून सीटला मागून टेकण. नुसतं हँडल बदललंस आणि फूटरेस्ट जागेवरच ठेवलेस, तर जाणकाराला ती गाडी खोटी वाटेल.

हँडल असं कर. खऱ्या गाडीचा हँडलचा पाइप २२ मिमीचा असतो, म्हणजे तुझ्या मापात जेमतेम १.८ मिमी. २ मिमीची प्लास्टिकची कांडी वॉटर पेपरने उतरवून घे. दोन तुकडे पुढच्या शॉकअपच्या नळ्यांना, त्या नळ्या जोडणाऱ्या वरच्या पट्टीच्या खाली, बाहेर आणि किंचित खाली झुकवून बसव. चिकटवण्याआधी पुढचा भाग डावी-उजवीकडे पूर्ण वळवून बघ. मूठ किंवा लिव्हर टाकीला लागली, तर खऱ्या गाडीवर चालवणाऱ्याचा अंगठा चेपला असता.

मग केबली. किटमधली नळी उंच हँडलच्या मापाची असते, ती तशीच लावलीस तर पुढे फुगून बसेल. कापून लहान कर. पुढे दोन डिस्क आहेत, तेव्हा ब्रेकची नळी कुठून निघते, कुठे फाटते आणि डिस्कला पकडणाऱ्या दोन्ही ब्रेक कॅलिपरपर्यंत कशी जाते हे फोटोत बघून घे. प्लगच्या वायरी मला सगळ्यांत आवडतात. खरी वायर साधारण ७ मिमी जाड, तुझ्या मापात ०.६ मिमी. जुन्या इअरफोनच्या आतली एखादी बारीक वायर चालते का, जाडी मोजायचा कॅलिपर लावून बघ. टाकीखाली प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या दोन कॉइल असतात. एकीच्या वायरी १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरला, दुसरीच्या २ आणि ३ला. इतकं बरोबर केलंस की टाकीखाली वाकून बघणारा मेकॅनिक गप्प होईल.

फूटरेस्ट मागे नेलेस तरी गिअरचा शाफ्ट इंजिनमध्ये जिथे आहे तिथेच राहतो. म्हणून मागच्या पेडलपासून त्या शाफ्टपर्यंत एक बारीक दांडी हवी. हे बहुतेक जण विसरतात. तशीच दांडी उजवीकडे मागच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला. सीटची टेकण एम-सीलने घडव, वाळल्यावर घासून लांबी (पुट्टी) भर, प्रायमर मार, पुन्हा बघ. टाकीच्या दोन अर्ध्यांचा सांधाही प्रायमरनंतरच नीट दिसतो. चाकं तशीच राहू देत. होंडाची ती कॉमस्टार चाकं (तारांऐवजी रिव्हेटने जोडलेल्या आऱ्यांची) त्या काळाची खूण आहेत, त्यांच्या जागी तारेची चाकं घालू नयेत असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : मुलासोबत मॉडेल करते. क्रोमचे सायलेन्सर चिकटवले की दुसऱ्या दिवशी हातात येतात. गोंद खराब आहे का?
– गृहिणी, सोलापूर

उत्तर : गोंद चांगला आहे, ताई. मॉडेलचा सिमेंट प्लास्टिक वितळवून जोडतो, आणि मध्ये क्रोमचा थर आला की त्याला प्लास्टिक सापडतच नाही. सांध्याच्या दोन्ही कडांवरचं क्रोम ब्लेडने खरवडा, मग चिकटवा. सांध्याची रेघ अगदीच नको असेल तर भाग ब्लीचमध्ये बुडवून सगळं क्रोम उतरवा. हे मुलाला करू देऊ नका, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि त्यात टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. नंतर सांधा घासून गुळगुळीत करा, चकचकीत काळा रंग द्या, तो पूर्ण वाळला की क्रोम रंगाचे पातळ थर.

बेंड पाइपला (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतच्या नळीला) ताप लागल्याचा रंग द्यायचा असेल तर क्रम लक्षात ठेवा : इंजिनाजवळ निळा, मग जांभळा, मग तपकिरी, शेवटी गवताच्या काडीसारखा पिवळा. पोलाद जिथे जास्त तापतं तिथे निळं होतं. पारदर्शक रंगांचे हलके फवारे पुरतात.

प्रश्न : माळ्यावर जुनं किट सापडलं. टायर चाकांना चिकटून चाकं वितळल्यासारखी झालीत. उंदीर की उष्णता?
– निवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर : दोन्ही नाही, गुरुजी. मऊ विनाइलच्या टायरमधलं प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर येतं आणि शेजारच्या कडक प्लास्टिकला खातं. खड्डे लांबीने भरून चाक वाचवता येईल. जिथे टायर टेकतो तिथे चांगला रंग दिलात तर पुढचं नुकसान लांबतं. बाकीच्या किटांमधले टायर आजच वेगळ्या पिशवीत काढून ठेवा, डिकलच्या कागदालाही टेकू देऊ नका.