कार्ब्युरेटरच्या मारुती ८००ला घरीच इलेक्ट्रिक पंप बसवावा का?

तुमची ९७ची कार्ब्युरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा कार्ब्युरेटरमध्ये मिसळून इंजिनला देणारी) ८००, पेट्रोल पंपावर मिळतंय वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणून रविवारी स्वतःच टाकीतून पेट्रोल खेचणारा इलेक्ट्रिक पंप आणि नवे पाइप टाकायचा बेत. हा उद्योग मी माझ्या ८००वर करून बसलोय. मूळचाच पंप राहू द्या, पाइप बदला.

दुकानदाराने ‘कुठल्याही गाडीला चालतो’ म्हणत दिलेला माझा पंप इंजेक्शनच्या, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीचा निघाला. तिथे साधारण ३ बार दाब लागतो. आपल्या कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई पाव बारच्या आसपासच तग धरते. चावी फिरवली, पंप घूं करू लागला आणि कार्ब्युरेटर भरून वाहायला लागला. इंजिन थंड होतं, म्हणून निभावलं.

कमी दाबाचे पंपही मिळतात, पण मूळचा पंप इंजिनच्या कॅमवर, म्हणजे इंजिनच्याच फिरण्यावर चालतो. इंजिन थांबलं की पेट्रोल थांबतं. साधा वायर जोडलेला इलेक्ट्रिक पंप मात्र धडकेत इंजिन बंद पडलं तरी चावी चालू असेपर्यंत फुटक्या पाइपातून पेट्रोल ओतत राहतो. इंजिनच्या ऑइलचा दाब गेला की पंपाची वीज तोडणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) लावता येतो, पण तो नीट लावून देणारा मेकॅनिक मला तरी अजून भेटला नाही.

इथेनॉलमुळे जुनं रबर फुगतं, मऊ पडतं आणि काळे कण फिल्टरमध्ये उतरतात. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचं सगळं रबर काढा, परतीचा पाइप आणि टाकीच्या तोंडाचाही. नव्या पाइपवर ‘एसएई जे३० आर९’ (SAE J30 R9, पेट्रोलच्या पाइपचा दर्जा) छापलेलं बघून घ्या. मीटरच्या मापाने कापून मिळणारा पारदर्शक पाइप नको म्हणजे नको. सोबत पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) आणि फ्लोटची सुईही बदला.

पिकअपला गाडी अडखळली तर कारण वेगळं. पेट्रोल जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक तेवढंच, म्हणून मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. स्पार्क प्लग पांढरे दिसले तरच एक नंबर मोठा जेट टाका. जुन्यालाच सुई घालून भोक वाढवू नका. मी केलंय, नंतर गाडी सिग्नलला काळा धूर सोडायची.

काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, तळघरातल्या पार्किंगमध्ये जमिनीलगत साचते. टाकी जवळपास रिकामी असताना, इंजिन गार झाल्यावर, आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून सुरुवात करा. शेवटी गाडी दहा मिनिटं चालू ठेवून प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा.