परवाना असलेल्या माणसाला बंदूक उघडपणे घेऊन फिरू द्यावी का?

द्यावी. तुम्ही विचारलंय की लायसन्स असूनही बंदूक झाकून का न्यायची, उघडी नेऊ दिली तर लोक घाबरणार नाहीत का, आणि लायसन्स मिळतं कसं. लोक घाबरण्याचं मी स्वतः भोगलंय, म्हणून आधी ते सांगतो.

मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं काढून मी पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. सातारा जिल्ह्यात पेन्शनीवर आलेल्या फौजीचं पुढचं बहुतेक ठरलेलं असतं. बारा बोअरच्या बंदुकीचं लायसन्स काढायचं आणि कुठंतरी गार्ड म्हणून लागायचं. स्वतःची बंदूक असली की काम लवकर मिळतं. मीही एका बाजारगावातल्या बँकेच्या दारात तीन वर्षं उभा होतो. डबल बॅरल छातीशी तिरकी धरलेली, कमरेच्या पट्ट्यात लाल काडतुसं. पगाराच्या दिवशी म्हाताऱ्या माझ्या शेजारी पायरीवर बसून पदराची गाठ सोडायच्या. शाळेतली पोरं 'मेजर, खरी हाय का ओ?' म्हणून विचारून जायची. समोरचा चहावाला अकराला कप आणून द्यायचा. तीन वर्षांत त्या बंदुकीकडं बघून एक माणूस दचकला नाही.

पुढं ती नोकरी सोडली. एका निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा केली होती, ती निकालानंतर परत आणायला गेलो. पावती दिली, रजिस्टरला सही केली, नियमाप्रमाणे बंदूक रिकामी करून कापडी कव्हरात घातली, दोरी बांधली आणि पुतण्याच्या मोटारसायकलवर मागं बसलो. वाटेत त्याच बाजारगावात चहाला थांबलो. कव्हर जुनं, नळीच्या टोकाला शिवण उसवलेली, तिथून बोटभर काळं लोखंड बाहेर आलेलं. तेवढं कुणीतरी बघितलं आणि फोन लावला. थोड्या वेळात पोलिसांची गाडी आली. दोघांनी माझे दंड धरले, तिसऱ्यानं कव्हर ओढून घेतलं. लायसन्सचं पुस्तक आतल्या खिशात होतं, ते काढायला हात सोडेनात. चहावाला ओरडून सांगत होता, 'अहो, बँकेतलं मेजर हायत ते!' कुणी ऐकलं नाही. तीन तास बाकावर बसवलं. ज्या ठाण्यातून बंदूक घेतली होती तिथून फोनवर खात्री झाली तेव्हा सोडलं. साहेब नंतर नीट बोलले, पण जाताना म्हणाले, 'एवढी झाकून कशाला नेत होता? संशय येणारच की.' झाकून न्या हा सरकारचाच नियम आहे, हे त्यांना मी सांगितलं. त्यावर ते काही बोलले नाहीत.

माणूस तोच, बंदूक तीच, गावही तेच. दिसत होती तेव्हा लोकांना आधार वाटत होता, झाकली तेव्हा मी दरोडेखोर झालो. लोक बंदुकीला भीत नाहीत, लपवलेल्या वस्तूला भितात.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागेत बंदूक पूर्ण झाकलेली पाहिजे आणि तरीही ती तुमच्या पुऱ्या ताब्यात पाहिजे. हे लिहिणाऱ्यानं रात्री उसाला पाणी पाजलेलं नाही. आमच्याकडं विहिरीच्या मोटारीची लाईट रात्रीची आली की बारा वाजता दारं धरायला, म्हणजे पाणी पाजायला जावं लागतं. दोन्ही बाजूला डोक्यावर गेलेला ऊस, मधून गाडीवाट, आणि पाटणपासून शिराळ्यापर्यंत उसात बिबट्या विणं आता नवीन राहिलेलं नाही. त्या वाटेवर कव्हराची गाठ कधी सोडायची? बिबट्याला मारा असं मी म्हणत नाही, तो गुन्हा आहे, आणि जीव वाचवण्यापुरतीच कायद्यानं सूट दिलीय. पण खांद्यावर मोकळी बंदूक असली तर हवेत एक बार काढता येतो.

आमचे साडू वाळवा तालुक्यात मास्तर होते. ते मला वीस वर्षं ऐकवतात, 'गांधीजींच्या देशात बंदुकीचं प्रदर्शन कशाला?' त्यांना माझं उत्तर असं. हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार काढून घेणारा कायदा इंग्रज व्हाइसरॉय लिटनच्या काळात, १८७८ साली आला. १९३१ च्या कराची काँग्रेसनं मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे. तेव्हा गांधीजी तिथंच होते आणि अध्यक्ष सरदार पटेल होते. मास्तर दर ९ ऑगस्टला शाळेत क्रांतिसिंह नाना पाटलांवर भाषण करायचे. त्यांनी इंग्रजांविरुद्ध उभ्या केलेल्या प्रतिसरकारची तुफान सेना काय मोकळ्या हातानं उभी राहिली होती? आणि शेजारच्या कर्नाटकात कोडगू जिल्ह्यातल्या कोडव लोकांना आजही लायसन्सशिवाय बंदूक ठेवता येते. केंद्रानं ती सूट २०२९ पर्यंत वाढवलीय. ते कैलपोळ्दला, म्हणजे त्यांच्या हत्यारांच्या सणाला, बंदुकीला फुलं वाहतात. तिथं कुणी म्हणतं का गांधीजींचा देश?

लायसन्सचं म्हणाल तर अर्ज, पोलिसांचा अहवाल, सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि भरपूर धीर लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या एका कलमात २० इंचांपेक्षा आखूड नसलेल्या नळीच्या साध्या बंदुकीला आणि पिकाच्या राखणीच्या ठासणीच्या बंदुकीला वेगळी वाट ठेवलीय, अर्ज त्याच कलमाखाली करा. बाकी कलेक्टर कचेरीत कळेल.

आता एक सांगायचं राहिलं. मी अमेरिकेतल्या टेक्सासची गोष्ट करत नाही. तिथं २०१६ ला लायसन्सवाल्यांना पिस्तूल उघडं लावायची मुभा दिली, ते मला पटतं. २०२१ ला लायसन्सची सक्तीच काढून टाकली, ते पटत नाही. कमरेला रिव्हॉल्व्हर लावून वरातीत नाचणाऱ्यांना तर एक दिवस ठेवू देऊ नये. लग्नात बार काढला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, कमीच आहे तो. दारू पिणाऱ्याला नाही, शाळा-दवाखान्यात नाही, सभेत नाही. माझी मागणी लांब नळीची बंदूक, शिकलेला माणूस आणि रानातली वाट एवढ्यापुरती आहे.

मास्तर दिवाळीला आमच्याकडं येणार आहेत. त्या आठवड्यात आमच्या मोटारीची पाळी रात्रीची आहे. त्यांना मी सोबत दारं धरायला नेणार आहे, आणि बंदूक कव्हरात असावी की खांद्यावर, हे त्यांना त्या वाटेवरच विचारणार आहे.