मनोरुग्ण, मनोविकृत, मनोविकल, माथेफिरू : कोणता शब्द कुठे?

चाकूहल्ल्याच्या एकाच बातमीत आरोपी शीर्षकात ‘माथेफिरू’, पुढे ‘मनोरुग्ण’ आणि शेवटी ‘मनोविकृत’ होतो. तिन्ही शब्द एकच का, असा प्रश्न कळव्याच्या एका वाचकाने विचारला आहे.

एकच नाहीत. ‘मनोरुग्ण’ म्हटले की निदान आले, आणि ते डॉक्टरांनी करायचे. म्हणूनच ‘आरोपी मनोरुग्ण असल्याचे पोलिसांनी सांगितले’ हे वाक्य लंगडे आहे. ‘त्याच्यावर मानसोपचार सुरू होते, असे नातेवाइकांनी सांगितले’ हे चालेल. तेही ठाऊक नसेल तर गप्प बसावे. बहुसंख्य मनोरुग्ण कुणावर हात उगारत नाहीत.

खरा घोळ ‘मनोविकृत’चा. परिभाषेत विकृती म्हणजे नुसता विकार. ‘चित्तविकृती’त (सायकोसिस) भास होतात, भ्रम होतात. बोलताना मात्र विकृत म्हणजे दुसऱ्याच्या यातनांत मजा घेणारा. त्यामुळे सायकोपॅथला हाच शब्द चिकटला, आणि त्याला तर भास होतच नाहीत! वरवरचा गोडवा, सराईत खोटेपणा, अपराधभावाचा अभाव ही त्याची लक्षणे. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या तपासणीसूचीत असे २० मुद्दे आहेत. प्रत्येकी ० ते २, म्हणजे एकूण ४० गुण. उत्तर अमेरिकेत सायकोपॅथ ठरवायला ३० ही सीमा धरतात. मुलाखत आणि जुन्या नोंदी तपासून प्रशिक्षित तज्ज्ञ हे गुण देतो. सीसीटीव्हीच्या चित्रणावरून कुणी ‘सायको’ ठरत नाही. डीएसएम-५ या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत तर या नावाचे स्वतंत्र निदानच नाही. जवळचे निदान समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकाराचे; त्यासाठी वय किमान १८ हवे आणि १५ च्या आधीपासून वर्तनविकाराच्या खुणा हव्यात.

न्यायालयाचा शब्द वेगळाच, ‘मनोविकल’. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा (पूर्वीचे दंड संहितेचे ८४) बचाव मिळवायचा तर कृत्याच्या वेळी त्याचे स्वरूप, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे, मनोविकलतेमुळे कळतच नव्हते असे आरोपीने दाखवावे लागते. जुन्या आजाराची फाइल एवढ्याला पुरत नाही. सायकोपॅथला तर आपण काय करतो आहोत हे सहसा नीट कळत असते. म्हणजे बातमीत एकमेकांच्या जागी फिरणारे हे शब्द कोर्टात आरोपीला उलट दिशांना नेतात.

‘माथेफिरू’ कट्ट्यावर ठीक. १९०१ पासून मनोरुग्णालय असलेल्या ठाण्यात ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोदही त्याच जातीचा. शीर्षकात ‘हल्लेखोर’ पुरतो.