वकिलात आहे, पण तिचा हात कुठवर पोचतो?

म्यानमारविषयी येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच गल्लत असते. एखाद्या सरकारशी आपले संबंध आहेत, म्हणजे त्या सरकारचा देशभर अंमल आहे, असे धरून चालतात. बडोद्यात राज्यशास्त्र शिकवताना उत्तरपत्रिकांतही मला हेच सापडायचे. तेव्हा फार तर गुण जायचे. आता त्यापायी माणसे अडकतात, म्हणून पुन्हा लिहितो.

प्रश्न (रावपुरा): 1 फेब्रुवारी 2021 ला तिथल्या लष्कराने सत्ता घेतली, तरी यांगूनची आपली वकिलात चालूच राहिली. म्हणजे आपण त्या राजवटीला पसंती दिली ना?

तेवढ्यावरून नाही. राजनैतिक संबंध देशाशी असतात, सरकार बदलले म्हणून ते आपोआप तुटत नाहीत. शिवाय 1,643 किलोमीटरची सरहद्द असलेल्या शेजाऱ्याकडची वकिलात बंद करून आपली कोणती अडचण सुटणार?

प्रश्न (कारेलीबाग): अशा सरकारशी संबंध ठेवून बंडखोरांशीही बोलणे हा विश्वासघात नाही का?

बोलणे वेगळे, शस्त्रे देणे वेगळे. बंडखोरांना शस्त्रे आणि प्रशिक्षण देणे हा दुसऱ्या देशाच्या कारभारातला हस्तक्षेप आहे, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1986 मध्ये निकाराग्वाच्या खटल्यात स्पष्ट सांगितले. नुसत्या बोलण्याने मान्यता मिळत नाही.

कोलकात्याहून म्यानमारमार्गे मिझोरामला माल नेण्याच्या कलादान प्रकल्पाकडे पाहा. करार 2008 चा, तो तिथल्या सरकारशी झाला. मे 2023 मध्ये कोलकात्याहून निघालेले पहिले मालवाहू जहाज सित्वे बंदरात लागले. तिथून माल नदीने पलेटवाला आणि पुढे रस्त्याने मिझोरामला न्यायचा, अशी योजना. जानेवारी 2024 मध्ये पलेटवा आराकान आर्मी या बंडखोर गटाने घेतले, आणि एप्रिलमध्ये सित्वेच्या आपल्या वाणिज्य दूतावासातली माणसे यांगूनला हलवावी लागली. करारावर सही एकाची आणि वाट दुसऱ्याच्या ताब्यात, अशी स्थिती आहे. ज्याच्या ताब्यात वाट आहे, त्याच्याशी न बोलता ती पुरी कशी होणार?

प्रश्न (मांजलपूर): बंडखोरांच्या परदेशातल्या प्रतिनिधीला राजदूतासारखे संरक्षण असते का?

नाही. यजमान सरकारने खास दिले तरच.

प्रश्न (हाथीखाना): आम्ही म्यानमारचा उडीद मागवतो. लढाईत माल अडकला तर दोन सरकारांतल्या कराराच्या आधारे भरपाई मागता येईल?

नाही. 2021 चा तो समझोता वर्षाला अडीच लाख टन उडीद घेण्याबद्दलचा होता, तुमच्या सौद्याची ती हमी नव्हे. मालाच्या साध्या विम्यात युद्धाची जोखीम धरलेली नसते, ती वेगळी घ्यावी लागते, आणि घेतली तरी ती सहसा माल जहाजावर असेपर्यंतच चालते. तिथल्या गोदामात पडलेल्या पोत्यांना तिचा उपयोग नाही. “सगळे कव्हर होते” हे दलालाचे तोंडी बोलणे धरू नका. पॉलिसी आणि सौद्याचा कागद सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

प्रश्न (वाडी): भाच्याला थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी मिळते आहे. तिकीट कंपनीचे, व्हिसा टुरिस्ट. एजंट म्हणतो, तिथे आपली वकिलात आहे, घाबरायचे काय?

ताई, भाच्याला पाठवू नका. बाकीचे नंतर वाचा.

“तिथे आपली वकिलात आहे” या एकाच वाक्यावर एजंट लोक घरेच्या घरे फसवतात. मुलगा बँकॉकला उतरतो, त्याला गाडीत घालून माए सॉटला नेतात, तिथे मोई नदी ओलांडली की म्यावड्डी लागते, म्हणजे म्यानमार. त्या पट्ट्यात अनेक वर्षे करेन समाजाच्या सशस्त्र गटांचे चालते. पासपोर्ट काढून घेतात आणि संगणकावर लोकांना फसवण्याच्या कामाला जुंपतात. आता वकिलात काय करणार? ती तिथल्या सरकारला पत्र लिहिणार, आणि त्या सरकारचाच शब्द तिथे चालत नाही. मार्च 2025 मध्ये वायुसेनेच्या विमानाने 283 जण परत आले, तेही नदीपलीकडे थायलंडमध्ये पोचल्यावर, माए सॉटहून.

इराकमधले मोसुल आठवा. जून 2014 मध्ये तिथे आपले 40 कामगार इस्लामिक स्टेटने धरले. एक निसटला. बाकीचे 39 मारले गेल्याचे घरच्यांना मार्च 2018 मध्ये कळले. बगदादची आपली वकिलात त्या सगळ्या काळात उघडी होती.

परदेशी कामाला माणसे पाठवणारा एजंट 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचे नाव शोधा. 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क त्याला घेता येत नाही. पण तिकीट फुकट म्हणूनही हुरळू नका, या धंद्यात पैसा माणूस विकून मिळतो. टुरिस्ट व्हिसावर नोकरी करता येत नाही, एवढ्यावरच हा विषय संपायला हवा. तरीही घरात कोणाला पटत नसेल, तर ऑफर लेटर बँकॉकच्या भारतीय वकिलातीला ईमेलने पाठवून विचारा, आणि लेखी उत्तर येईपर्यंत पासपोर्ट कोणाच्या हाती देऊ नका.

प्रश्न (गाव छापत नाही): मुलगा असाच गेला. नऊ दिवस फोन नाही. एजंट म्हणतो थांबा, गाजावाजा केलात तर त्यालाच त्रास होईल. थांबावे का?

थांबू नका. तुम्हाला उत्तर त्याच दिवशी कळवले होते, इथे छापतो ते इतरांसाठी. पोलिसांत तक्रार द्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंद करा. बँकॉक आणि यांगून, दोन्ही वकिलातींना लिहा, कारण मुलगा नदीच्या कुठल्या काठावर आहे हे अजून ठाऊक नाही. त्याचे शेवटचे मेसेज, पाठवलेले लोकेशन, एजंटाला पैसे दिल्याच्या पावत्या, काहीही पुसू नका. एजंटाला आणखी पैसे देऊ नका. आणि मुलाचा फोन आलाच, तर आधी विचारा की आसपासच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत.